जयवंतची क्लबातली बारी

पुढे टिन शेड या बॅन्डच्या कॅसेटी नाक्यानाक्यावर वाजायला लागल्या, टीव्हीवर चौघांचे वाढलेले केस लोकांनी डोळे भरून पाहिले, आणि मग जो तो सांगू लागला की त्या क्लबातल्या कार्यक्रमाला आपण हजर होतो. सांगणाऱ्या सगळ्यांना धरलं तर त्या रविवारी अंधेरीच्या त्या बॅडमिंटन हॉलमध्ये निम्मं उपनगर कोंबावं लागलं असतं. खरं म्हणजे तिथे सत्तर-ऐंशी माणसं होती. त्यातली चार परबांच्या घरची आणि पाचवा होऊ घातलेला जावई. परबांच्या लेकीने, प्रेमाने, कुणाचं बोलणं खोडून काढलं नाही. लोकांना आठवणी हव्या असतात, घेऊ देत बापडे, असं ती म्हणायची. मात्र त्या दिवशी तिथे जे ठरलं ते कसं ठरलं, हे तीनच माणसांना ठाऊक होतं, आणि तिघंही घरातलीच होती.

माघ महिना होता, सत्त्याऐंशी साल. गिरण्यांच्या संपाला पाच वर्षं झाली होती. लालबागची खोली जाऊन परब मंडळी अंधेरी पूर्वेला पंप हाउसच्या मागे, पत्र्याच्या बैठ्या चाळीत राहायला आली त्यालाही चार वर्षं उलटली होती. गुणाजी परब अठ्ठावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यावर ते घरी बसले ते बसलेच. त्यांचा धाकटा भाऊ धाकू एका औद्योगिक वसाहतीत वॉचमन झाला आणि त्याचं तो पाहू लागला. घर चाललं ते प्रेमावर. एमआयडीसीतल्या रेडिओच्या कंपनीत ती सोल्डरिंगला होती. वय अठ्ठावीस, आणि मुलुंडचा विद्याधर गेली तीन वर्षं तिच्यासाठी थांबला होता. थांबणं ही काही सोपी गोष्ट नसते, आणि विद्याधर ते तोंड वाकडं न करता करत होता, म्हणूनच प्रेमाला त्याचं जास्त ओझं वाटायचं.

आता त्याची कंपनी नाशिकला चालली होती. जूनमध्ये त्याला तिकडे हजर व्हायचं होतं आणि त्याच्या आईने निक्षून सांगितलं होतं की वैशाखात लग्न झालं तर झालं, नाहीतर तिच्या नजरेत डोंबिवलीची एक मुलगी आहे. नाशिकला जायचं म्हणजे प्रेमाची नोकरी सुटणार. तिची नोकरी सुटायची तर घरात दुसरी नोकरी यायला हवी. ती दुसरी नोकरी जयवंतसाठी, तिच्या पाठच्या भावासाठी, तिने दोन वर्षं साहेबांच्या मागे लागून मिळवली होती. स्टोअरमध्ये, पर्मनंट, सोमवारपासून.

आणि त्याच्या आदल्याच बुधवारी जयवंतने घरात बॉम्ब टाकला. शिलाँगहून त्याच्या बॅन्डला बोलावणं आलं होतं. तिकडे कॉलेजाकॉलेजात इंग्रजी गाण्यांचं वेड आहे म्हणे. शिलाँग, गुवाहाटी, मग कलकत्ता, असे तीन महिने, आणि परत आल्यावर कॅसेट कंपनीचा एक माणूस त्यांचं रेकॉर्डिंग करायला तयार होता. गाडी पुढच्या गुरुवारची होती.

घरात दोन तट पडायला वेळ लागला नाही. आईने, जानकीबाईंनी, सगळा राग धाकूवर काढला. कारण चौघा पोरांना दर रविवारी सरावाला वसाहतीतली रिकामी पत्र्याची शेड मिळायची, तिची किल्ली धाकूच्या कमरेला असायची, हे त्या दिवशी उघडकीला आलं. बॅन्डचं नावही त्या शेडवरूनच पडलेलं. जानकीबाई म्हणाल्या की भावोजींनी पोराला नादाला लावला. धाकू म्हणाला की नाद पोराच्या रक्तात आहे, किल्लीत नाही. जयवंत खाली मान घालून बसला होता. तो प्रेमाकडे बघत नव्हता, आणि बघत नव्हता यावरूनच तिला कळत होतं की त्याला सगळं समजतंय.

गुणाजींनी शेवटी हात वर केला. लालबागला त्यांचा पखवाज नावाजलेला होता. डबलबारीला, भजनाच्या त्या चढाओढीत, त्यांना साथीला बसवायला बुवा भांडायचे. गिरणी बंद झाल्यापासून त्यांनी पखवाजाला हात लावला नव्हता, पण या विषयात त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे.

"रविवारी तुझी बारी आसा म्हणतंस मां?" ते जयवंतला म्हणाले. भजन असो, दशावतार असो, नाहीतर क्लबातला हा इंग्रजी धुमाकूळ असो, गुणाजींच्या लेखी प्रत्येक कार्यक्रम ही बारीच. "मी येतंय. हात आसात तर मी आडवो येवचंय नाय. नसात तर सोमवारी गपचूप कंपनीत जावचा."

जयवंतने ते लगेच कबूल केलं. भलता हट्टी पोरगा, पण बापाच्या कानावर त्याचा विश्वास होता.

त्या कानांतच तर गोम होती. साचेखात्यातून बाहेर पडलेला माणूस थोडा बहिरा असायचाच, त्यात नवल नव्हतं. गुणाजी म्हणायचे की मला ऐकू येतं, तुम्हीच हळू बोलता. घरात सगळे मोठ्याने बोलायचे आणि तो विषय तिथेच संपायचा. पण शनिवारी भांडी घासताना जानकीबाई प्रेमाला हळूच म्हणाल्या की तू कसलीही काळजी करू नकोस. त्यांना काय ऐकू येणार आहे? नुसता गोंगाट वाटेल, नाही म्हणतील आणि मोकळे होतील. वैशाखात तुझ्या अंगाला हळद लागेल.

प्रेमा खाली बघून भांडी विसळत राहिली. आपण गप्प बसलो याची लाज तिला त्याच क्षणी वाटली, पण गप्प बसलीच. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर वेगळं वागली असती असं म्हणणारा माणूस मला भेटायचा आहे.

रविवारी चारच्या सुमाराला मंडळी क्लबात पोचली. वर्सोव्याच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर ती जुनी इमारत होती. एका बाजूला टेबल टेनिस, मागे कॅन्टीन, आणि मधला मोठा बॅडमिंटनचा हॉल त्या दिवसापुरता पोरांना दिलेला. जानकीबाईंनी लग्नाला नेसायची साडी नेसली होती. धाकूने युनिफॉर्मच्या खाकी पँटवर पांढरा सदरा चढवला होता. विद्याधर मुलुंडहून परस्पर आला होता, आणि त्याने जयवंतसाठी पेढे आणले होते. नोकरीचे की कार्यक्रमाचे ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

हॉलच्या दाराशी गुणाजी थांबले आणि त्यांनी वहाणा काढल्या.

आता क्लबात कुणी वहाणा काढतं का? पण आत वाद्यं मांडलेली दिसत होती, आणि जिथे वाद्यं मांडली आहेत तिथे पायताण घालून जायचं नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी काढल्या म्हणून धाकूने काढल्या, जानकीबाईंनी काढल्या. प्रेमाला चार लोकांत ओशाळल्यासारखं झालं, पण तिनेही काढल्या. विद्याधरने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मागून येणारी कॉलेजची पोरं घोटाळली. इथला नियम असेल असं समजून त्यांनीही मुकाट्याने बूट काढले, आणि मग येणारा जो तो ढीग बघून आपले त्यात टाकू लागला. हॉल सांभाळणारा राजाराम धावत आला तो ओरडायलाच, पण ढीग बघून थबकला. बॅडमिंटनच्या लाकडी जमिनीवर टाचा घासू नयेत म्हणून तो सकाळपासून सेक्रेटरीच्या मागे लागला होता. त्याने गुणाजींना अगदी वाकून नमस्कार केला आणि स्वतः खुर्ची आणून दिली. पुढे एका मासिकात टिन शेडच्या अनवाणी श्रोत्यांबद्दल बरंच गूढ काहीतरी छापून आलं. प्रेमा ते वाचून पोट धरून हसली होती.

खुर्च्या दोन्ही भिंतींना लावल्या होत्या आणि मधलं कोर्ट उभं राहणाऱ्यांना मोकळं ठेवलं होतं. एका बाजूला दोनच खुर्च्या उरल्या होत्या. तिथे गुणाजी आणि जानकीबाई बसले. प्रेमा आणि विद्याधर समोरच्या भिंतीला. धाकू स्टेजजवळच्या खांबाला टेकून उभा राहिला. सवयीने त्याला बसवतच नसे.

स्टेजवर जयवंत सगळ्यांच्या मागे ड्रम्सवर बसला होता. पुढे मरोळ गावठाणातला मेल्विन, तो गायचा. त्याच्या शेजारी मुलुंडचा भीमराज, मोठी गिटार घेऊन. तो कमी बोलायचा आणि गाणी लिहायचा. चौथा नेव्हिल, तोही गिटारवाला, मेल्विनचाच मावसभाऊ. कुठल्याही चाळीत गणपतीच्या वर्गणीला यावीत अशी साधी पोरं होती. त्या दिवशी मात्र मेल्विनने डोळ्यांत काजळ घातलं होतं. जानकीबाईंनी तोंडाला पदर लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

सुरुवातीचा अर्धा तास अगदीच वाईट गेला. क्लबच्या मेंबर पोरांनी ओरडून ओरडून ओळखीच्या इंग्रजी गाण्यांची फर्माईश केली आणि हे चौघे घाबरून ती वाजवत गेले. आवाज इतका की खुर्चीचे पाय हलत होते. पण त्या आवाजात जीव नव्हता. जयवंतचे खांदे वर चढलेले. हात नेमके, पण दुसऱ्याची चाकरी करणारे. प्रेमाला ते कळत होतं, कारण दहाव्या वर्षापासून तिने बापाच्या भजनात झांज धरली होती. मंडळात बाई-मुलीला जागा नव्हती, पण गुणाजी चाळीच्या खोलीत रियाजाला बसले की समोर तिलाच बसवायचे. तुझा कान माझ्यापेक्षा बरा आहे, असं ते तेव्हा म्हणायचे. त्या कानाने ती आता ऐकत होती, आणि तिच्या छातीवरचं ओझं हळूहळू उतरत होतं. नाही जमत याला, ती मनात म्हणाली. बरं वाजवतो, पण बरं वाजवणारे गल्लोगल्ली आहेत. उद्या कंपनीत येईल, महिन्याभरात रुळेल. वैशाखाला अजून अवकाश आहे, साड्या घ्यायला वेळ मिळेल.

विद्याधर तिच्या कानाशी ओरडून म्हणाला की बिचाऱ्यांना कुणी नीट वाजवू देत नाहीये. त्याला पोरांबद्दल खरोखर वाईट वाटत होतं. प्रेमाला त्याच्याकडे बघवेना.

मग मेल्विन माइकपाशी आला. त्याने भीमराजकडे एकदा बघितलं आणि हिंदी-इंग्रजीची खिचडी करत सांगितलं की आता यापुढे फक्त आमची स्वतःची गाणी. ज्यांना नको असतील त्यांनी कॅन्टीनमध्ये जावं, पॅटिस चांगले आहेत. वीस-पंचवीस जण खरंच उठून गेले. दारात आपापले बूट शोधताना त्यांची अशी काही तारांबळ उडाली की उरलेले हसायला लागले, आणि त्या हसण्याने हॉल जरा सैल झाला.

जयवंतने खांदे खाली टाकले. मनगटं झटकली आणि सुरुवात केली.

पहिल्या गाण्यातच प्रेमा ताठ बसली. शब्द तिला धड कळत नव्हते. पत्र्याची शेड होती त्यात, बंद कारखान्याचं फाटक होतं, आणि मधेच एक ओळ आपल्या मुंबईच्या बोलीत, लाइट गेली तरी पंखा फिरतोय अशी काहीतरी. ते महत्त्वाचं नव्हतं. तिला ऐकू येत होती ती लय. भजनात शेवटाला गजर चढतो, टाळकरी पेटतात, आणि कच्चा पखवाजी त्यांच्याबरोबर पळत सुटतो. गुणाजी कधी पळाले नव्हते. ते म्हणायचे, सगळे धावत असले तरी साथ करणाऱ्याने आपली जागा सोडायची नाही. स्टेजवर नेव्हिल पेटला होता, मेल्विन ओरडत होता, खालची पोरं उड्या मारत होती, आणि या सगळ्यांच्या मागे जयवंत स्वस्थ बसून त्यांना वर चढवत होता.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात मेल्विन चुकला. ओळ उचलायची जागा आली आणि तो तोंड उघडून तसाच राहिला, शब्दच आठवेनात. हॉलमधल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. प्रेमाच्या आलं. जयवंतने आवर्तन बंद केलं नाही, आणखी एक फेरा घेतला, जणू तो गाण्यात होताच. भीमराजला डोळ्याने खुणावलं, फेऱ्याच्या शेवटी एक ठोका जरा लांबवला आणि मेल्विनला अलगद त्याच्या ओळीवर आणून सोडलं. मेल्विन गाऊ लागला. लोकांना वाटलं, काय जागा घेतली.

प्रेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. आपला भाऊ एवढा मोठा कधी झाला हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तिला वाटलं, आणि त्याच दमात वैशाख आठवला.

समोरच्या भिंतीपाशी गुणाजींचा हात वर गेलेला तिला दिसला. पाचही बोटं उघडत होती, मिटत होती.

इकडे बघ म्हणायची ती गिरणीतली खूण तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, धोटे आपटायचे, आणि शेजारी उभ्या माणसाचं बोंबललेलंही कानात शिरायचं नाही. तिथली माणसं ओठांनी बोलायची. आवाज न काढता, ओठ स्पष्ट हलवत, अर्धं हातांनी. पन्नास हात लांबच्या साच्यावरच्या गड्याशी घरच्या गोष्टी व्हायच्या. पाळी संपवून घरी आल्यावरही गुणाजींच्या अंगात बोलायचं त्राण नसे, मग ते तसेच ओठ हलवून पाणी मागायचे, शाळेचं विचारायचे. चिमुरडी प्रेमा ते वाचायला शिकली. जानकीबाईंनी तो नाद केला नाही. माणसासारखं बोला, असं त्या म्हणायच्या. आताही त्या मान खाली घालून, पदराने दोन्ही कान दाबून बसल्या होत्या.

उरलेल्या पन्नासेक माणसांच्या त्या हॉलमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. पण पोरं सगळी स्टेजपाशी दाटली होती, आणि रिकाम्या कोर्टापलीकडचे गुणाजींचे ओठ तिला लख्ख दिसत होते.

"प्रेमा," ते म्हणाले. "माका ऐकाक येणा नाय."

हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा कबूल केलं होतं.

"पायाक ठोके लागतत," ते म्हणाले. अनवाणी पावलं त्यांनी लाकडी जमिनीवर सपाट टेकवली होती. "तितक्याच. हात कसो आसा ता तू सांग."

कळलं नाही असं दाखवावं, एवढंच तिला त्या घटकेला सुचलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली. गुणाजी फसले नाहीत. त्यांनी तेच पुन्हा विचारलं, आणि मग एकेक शब्द सावकाश मांडत ते म्हणाले, "तू म्हणशीत ता मी भायर सांगान. कोणाक कळाचा नाय."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. वैशाख माहीत होता, नाशिक माहीत होतं, डोंबिवलीची मुलगीही बहुधा माहीत होती. बहिऱ्या माणसासमोर लोक घरात काहीही बोलतात, आणि तो ओठ वाचतो हे विसरून जातात. निवाडा त्यांनी तिच्या ओटीत टाकला होता, आणि तिने खोटं सांगितलं तरी तो आपला म्हणून मिरवायची त्यांची तयारी होती.

प्रेमाने इकडेतिकडे पाहिलं. खांबाशी धाकू उभा होता. तोही साचेखात्यातलाच, त्याने सगळं वाचलं होतं. तिची नजर वळल्याबरोबर त्याने तोंड फिरवून भिंतीकडे केलं. गिरणीत दोघांचं खासगी बोलणं चाललं की तिसऱ्याने पाठ करायची, अशी रीत होती. इतके दिवस पोराच्या बाजूने भांडलेला माणूस, आता एक शब्द न बोलता त्याने प्रेमाला मोकळं सोडलं होतं.

शेजारी विद्याधर गुडघ्यावर बोटं वाजवत होता. ठेका चुकत होता, पण वाजवत होता मनापासून. परवाच त्याने तिला नाशिकच्या क्वार्टरचा नकाशा कागदावर काढून दाखवला होता. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे हे त्याने दोनदा सांगितलं होतं. तीन वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि ती खिडकीसुद्धा त्याने तिच्यासाठीच मागून घेतली होती. प्रेमाला ती खिडकी हवी होती. तो माणूस हवा होता. हे तिने स्वतःपाशी इतकं स्पष्ट कधी म्हटलं नव्हतं.

नुसती मान हलवायची होती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

स्टेजवर जयवंतने लय दुप्पट केली. खालची पोरं वेडी झाली. त्याने वर पाहिलं नाही, बहिणीला शोधलं नाही, बापाला शोधलं नाही. तो वाजवत होता, आणि जे वाजत होतं ते खरं होतं. ते खोटं आहे असं सांगायचं तर ओठांना सांगता आलं असतं. पण दहाव्या वर्षी ज्याने समोर बसवून तुझा कान बरा म्हटलं होतं, त्याच माणसाला ते सांगायचं होतं.

"हात आहे, बाबा," प्रेमा आवाज न काढता म्हणाली. "तुमच्यापेक्षा चांगला आहे."

गुणाजींचा चेहरा आधी उजळला. पखवाज ठेवून दिल्यापासून तो असा उजळलेला कुणी पाहिला नव्हता. मग तो उजेड हळूहळू मावळला आणि ते तिच्याकडे बघत राहिले.

"आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मी आहे ना."

त्यांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले. जानकीबाईंना वाटलं की यांना ठेका आवडला वाटतं. त्यांनी पदराआडून त्यांना कोपराने ढोसलं.

आता थांबलो तर आपल्याच्याने बोलवणार नाही हे प्रेमाला कळत होतं. ती विद्याधरकडे वळली आणि म्हणाली, "वैशाखात नाही जमणार रे."

गोंगाटात ते बुडून गेलं. त्याने हसत हसत कान तिच्या तोंडाशी आणला. "काय म्हणालीस?"

काही नाही, असं म्हणता आलं असतं. वेळ अजून गेली नव्हती. बाहेर जाऊन बापाला सांगता आलं असतं की चुकलं, पुन्हा ऐकलं तर तसं नाही वाटलं. विद्याधरचा कान तिच्या ओठांपासून चार बोटांवर होता. त्याने नुकतेच केस कापून घेतले होते आणि कानामागे थोडी पावडर राहिली होती. जयवंतचा शेवटचा ठोका पडला आणि गाणं एकदम थांबलं.

"वैशाखात नाही जमणार," प्रेमा म्हणाली. "जया जातोय. मला नोकरी सोडता येणार नाही."

हॉलभर टाळ्या सुरू झाल्या होत्या. विद्याधरने तिच्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे पाहिलं. जयवंत घामाने निथळत उभा राहिला होता आणि आता कुठे त्यांना शोधत होता. त्याला ते दिसले. त्याने हात उंचावला. त्याचं तोंड हसरं होतं, आणि तो नक्की कुणाकडे बघून हसतोय हे कळत नव्हतं. विद्याधरने दोन्ही हात वर उचलले आणि तोही टाळ्या वाजवू लागला, सगळ्यांसारख्याच, जोरात. बाकीच्यांच्या थांबल्या तरी त्याच्या चालूच राहिल्या. शेवटी प्रेमाने त्याचे हात धरून खाली आणले.